शेंगा चटणीतलं मीठ कमी करूनही खारटपणा जात नव्हता: माझा अनुभव

आम्ही सोलापूरचे, त्यामुळे कडक भाकरीसोबत शेंगा चटणी रोजचीच. बाबांना बीपीमुळे मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून चटणीत मीठ निम्मं केलं. तरी खारटच. पूर्ण बंद केलं तर मिळमिळीत. लिंबू पिळून पाहिलं, चटणी ओलसर होऊन लवकर बिघडली. दोन महिने वैतागले होते.

मूळ तिखटात होतं! डंकावर कुटताना टिकण्यासाठी खडे मीठ घातलेलं, आणि मी ते मोजतच नव्हते. तुमच्याही घरी आधी डब्यातलं तिखट चिमूटभर चाखून बघा.

आता मिरची बिनमिठाची कुटून आणते. दाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं, सालावर काळे ठिपके येईपर्यंत भाजते. सालं काढून मगच वजन: 250 ग्रॅम. उखळात आधी 20 ग्रॅम लसूण, 5 ग्रॅम जिरं, 20 ग्रॅम तिखट कुटायचं, मग दाणे, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये भुगा होतो, चव उतरते. अगदी शेवटी 3 ग्रॅम मीठ. वरच्यावर राहिल्याने जिभेला लगेच कळतं.

हिशेब: 1 ग्रॅम मिठात साधारण 390 मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे 300 ग्रॅम चटणीत सुमारे 1200, आणि 10 ग्रॅमच्या चमच्यात 40 मिलिग्रॅम, 50 कॅलरी. चमचा एकदा काट्यावर मोजून घ्या, आमचा भरून 14 ग्रॅमचा निघाला.