खाडीचा चिखल बॅगेत भरून जर्मनीला नेऊ नका

एन्व्हायर्न्मेंटल सायन्सच्या एमएस्सीत एखादं सेमिस्टर बाहेर करता येतं, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही हे वाचताय. एसओपी, म्हणजे अर्जाबरोबरचं ‘मला का जायचंय’चं पत्र, कसं लिहायचं, इंग्रजीची कुठली परीक्षा द्यायची, यात मी शिरत नाही. ते सगळे सांगतात. मला कुणी चिखलाबद्दल सांगितलं नाही, म्हणून मी चिखलाबद्दल लिहिणार आहे.

माझं डिझर्टेशन ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर होतं. शिसं, जस्त, क्रोमियम. मी भांडुपची, त्यामुळे खाडी तशी घरचीच. एका बाजूला कांजूरच्या डम्पिंगचा वास, दुसऱ्या बाजूला पंपिंग स्टेशनपाशी रविवारी कॅमेरे घेऊन येणारे पक्षीवाले. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उधाणाच्या ओहोट्या साधून मी चौदा ठिकाणांहून गाळ काढला. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही, हे मला होडीवाल्या कोळी काकांनी शिकवलं. खारफुटीच्या चिखलात चालायलाही त्यांनीच शिकवलं: ‘एका जागी उभी राहू नको, पोरी, चिखलाला विचार करायला वेळ देऊ नको.’ तो गाळ ओव्हनमध्ये ६० अंशांवर वाळवला, खलबत्त्यात कुटला, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळला आणि झिपलॉक पिशव्यांत भरून नंबर टाकले. एक ते चौदा.

आमच्या डिपार्टमेंटच्या एएएस या धातू मोजायच्या मशीनवर एका वेळी एकच धातू मोजता येतो आणि प्रत्येक धातूला वेगळा दिवा लागतो. जस्ताचा दिवा गेलेला होता. नवीन यायचा होता, म्हणजे येणार नव्हता. तेवढ्यात माझं एक्सचेंज पक्कं झालं: उत्तर जर्मनी, वाडन समुद्र नावाच्या उथळ किनारपट्टीजवळचं एक विद्यापीठ, आणि तिथे आयसीपी-एमएस हे अनेक धातू एकदम मोजणारं मशीन. एका थेंबात डझनभर धातू. मी गाईड सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, ‘सर, सॅम्पल तिथेच रन करून आणू का?’ सर म्हणाले, ‘हो हो, उत्तम, घेऊन जा.’ झाली परवानगी.

मग एका सिनिअरचा सल्ला. ‘अगं, चेक-इन बॅगेत टाक. भाजणीच्या पिशव्यांत मिसळून जाईल. कोण बघतंय?’

आणि खरंच कुणी बघितलं नाही. वाळवून चाळलेला खाडीचा गाळ हुबेहूब थालीपिठाच्या भाजणीसारखा दिसतो. आईनं दिलेल्या भाजणीशेजारी तो मुंबईहून निघाला आणि ग्रीन चॅनेलमधून बाहेर पडला. मी स्वतःला फार हुशार समजले. (जाता जाता: भाजणी, मेतकूट चालतं. तूप आणि पेढे नेऊ नका, बाहेरच्या देशातले दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत.)

चौथ्या दिवशी लॅबमध्ये पिशव्या टेबलावर मांडल्या. तिथल्या टेक्निशियन बाईंनी त्यांना हात लावला नाही. फक्त विचारलं, ‘कागद कुठे आहेत?’ मला वाटलं लेबलं विचारतायत. मी नंबर दाखवले.

दोन दिवसांनी प्रोफेसरांसमोर बसवलं. ते ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, ‘आमचा नियम तुला माहीत नसेल, पण तुमच्याकडेही यासाठी कायदा आहे ना?’ आहे. जैवविविधता कायदा, २००२. दुसऱ्या सेमला मी त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. सात मिळाले होते.

पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांवर गेल्या आणि तिथून जाळायच्या कचऱ्यात. मी फॉर्मवर सही केली. चार महिन्यांच्या ओहोट्या, पण फॉर्म एका पानाचा.

आता नीट सांगते, कंटाळा आला तरी वाचा. नमुना देशाबाहेर नेताना दोन दारं असतात, एक आपलं आणि एक त्यांचं. एका दाराची चावी दुसऱ्याला लागत नाही.

त्यांचं दार: युरोपियन युनियनबाहेरच्या बहुतेक देशांतून माती आत आणायला मुळातच बंदी आहे. कारण साधं आहे, मातीतून पिकांचे रोग, सूत्रकृमी, बुरशी येते. संशोधनासाठी सूट मिळते, पण ती आपोआप नाही. तिथल्या लॅबनं आधी आपल्या भागातल्या वनस्पती-आरोग्य खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं, ते पत्र नमुन्याबरोबर प्रवास करणार, आणि नमुना फक्त मान्यताप्राप्त बंदिस्त जागेतच ठेवायचा. माझ्या यजमान लॅबला तशी मान्यताच नव्हती. म्हणजे त्यांनी माझ्या पिशव्या ठेवून घेतल्या असत्या, तर गोत्यात ते आले असते. हे कळल्यावर माझा राग अर्धा उतरला. ‘पण खाडीचा गाळ म्हणजे काही शेतातली माती नाही’ हा युक्तिवाद मीही करून बघितला. विमानतळावर किंवा लॅबमध्ये तो करायच्या भानगडीत पडू नका. समोरच्याला पावडर दिसते, आणि कागद दिसत नाही.

आपलं दार: कायद्यात जैविक संसाधन या शब्दात सूक्ष्मजीवही येतात. चिखल म्हणजे जिवंत जिवाणूंचं गाव. ६० अंशांवर वाळवल्यानं ते सगळं मरत नाही. असं काही परदेशी संस्थेच्या हातात द्यायचं, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा संबंध येतो. बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी बाहेर नमुने नेणाऱ्या भारतीय संशोधकांना तिथे अर्ज करायची सोय आहे. हे आठवड्याभरात होणारं काम नाही, आणि ते कॉरिडॉरमध्ये तर अजिबात होत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी मी नंतर वाचली. गाळ काढण्यासाठी मला मिळालेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: ‘विभागाच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी’. म्हणजे पिशव्या डिपार्टमेंटच्या दाराबाहेर न्यायलासुद्धा मला नव्यानं विचारायला हवं होतं. ठाणे खाडीचा पश्चिम किनारा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आपण तिथे लहानपणापासून जातो म्हणून ती आपली होत नाही. परवानगीचं पत्र हाती आलं की फाइलला लावण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी फक्त सही-शिक्का बघितला होता.

मग करायचं काय? घाबरून एक्सचेंज सोडू नका, एवढं आधी सांगते. चिखल न्यायची गरजच नव्हती. आयआयटी पवईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही पैसे घेऊन आयसीपीवर रन करून देतात. भांडुपहून रिक्षानं जाता येतं! मी साडेसहा हजार किलोमीटर लांब नेत होते. इथे आकडे काढा आणि आकडे घेऊन जा. आकड्यांना कुणी ऑटोक्लेव्हमध्ये टाकत नाही. तिकडे तिकडचाच गाळ घ्या आणि पद्धत शिकून या. फक्त दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवायचे असतील, तर दोन्ही लॅबमध्ये एकच सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल (ज्यातले धातूंचे आकडे आधीच प्रमाणित असतात असा नमुना) रन करा, म्हणजे फरक खाडीचा आहे की मशीनचा, ते कळेल. हे मला त्या टेक्निशियन बाईंनी शिकवलं, प्रोफेसरांनी नाही. माझं ठाम मत झालंय की लॅबमधला सर्वांत उपयोगी माणूस तो, ज्याच्याकडे फ्रीजची किल्ली असते. मोठ्या नावाच्या प्रोफेसरांना मेल करण्यात जीव घालवण्याऐवजी जायच्या आधी त्या माणसाला दोन ओळी लिहा: मी काय काय आणणार आहे, चालेल का?

आणि गाईडना? गाईडनाही मेलच. तोंडी ‘हो हो’ला किंमत नाही. सर वाईट नव्हते, त्या दिवशी घाईत होते. पण फॉर्मवर सही माझी होती.

‘कोण बघतंय’वाले सिनिअर तुम्हालाही भेटतील. प्रेमळ असतात, नोट्स देतात, कॅन्टीनमध्ये चहा पाजतात. त्यांचा चहा घ्या.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्यात मी कमी पडले नाही, फक्त दमले.

क्रेडिटचं गणित: तिकडे सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, आपल्याकडे साधारण २२ क्रेडिट. ३० मोठा आकडा म्हणून खूश होऊ नका. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपलं एक म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर. आकडे जुळवण्यापेक्षा पेपरला पेपर जुळवा, आणि ते निघण्याआधी लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे कुठले पेपर धरले जाणार याच्या दोन्हीकडच्या लेखी करारावर, लिहून घ्या. तिथे गेल्यावर विषय बदलला, तर त्याच आठवड्यात नवीन सही मागवा. माझ्याबरोबरच्या एका मुलानं ती मागवली नाही आणि परत आल्यावर त्याला एक अख्खा पेपर पुन्हा द्यावा लागला.

तारखा: त्यांची हिवाळी लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत. आपलं तिसरं सेम दिवाळीच्या आसपास संपत आलेलं असतं. चौथ्या सेमचे पहिले दोन-अडीच महिने तुम्ही इथे नसणार. हे डिपार्टमेंटला आधी सांगा, हजेरीचा प्रश्न तेव्हाच मिटवा.

पैसे: एक्सचेंजमध्ये बहुधा फी इथेच भरायची असते, तिथे फक्त सेमिस्टरची वर्गणी. पण जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि दर महिन्याला ठरावीकच काढायचे, असं खातं) सध्या महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. स्कॉलरशिपचं पत्र असेल, तर तेवढा भार हलका होतो. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेचे पैसे तुमच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार असेल तरच मिळतात, म्हणून आधी करारांची यादी मागा. आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. एक्सचेंज दोन विद्यापीठांमधला व्यवहार आहे, त्यात एजंटला उभं राहायला जागाच नाही. सहा महिन्यांसाठी नॅशनल व्हिसा लागतो. शेंगेनचा साधा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच. अपॉइंटमेंट उशिरा मिळते, हे गृहीत धरा.

मार्क: तिथे १.० सर्वांत चांगलं आणि ४.० म्हणजे कसंबसं पास. मी फोनवर आईला म्हटलं, १.७ मिळाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पुन्हा देता येईल ना गं?’

एकटेपणाबद्दल खोटं बोलणार नाही. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. पिशव्या जळल्यानंतरचे पंधरा दिवस मी खोलीतून फारशी बाहेर पडले नाही, परतीच्या तिकिटाचे भाव बघत बसले. त्यातून मला कुठल्या मोठ्या विचारानं नाही, एका फील्ड ट्रिपनं काढलं.

वाडन समुद्रात ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. युनेस्कोनं २००९ साली त्याला जागतिक वारसा म्हटलं. खारफुटी नाही, एकही झाड नाही, फक्त लगवर्म या चिखलातल्या किड्यांनी वर टाकलेल्या मातीच्या शेवया आणि काठाला खारट गवत. आपल्याकडे कुणी त्याला ‘डेव्हलपमेंटसाठी मोकळी जागा’ म्हटलं असतं. वर्गातली सतरा पोरं एका मऊ पट्ट्यात रुतली, दोघांचे गमबूट आतच राहिले. मी थांबले नाही. चिखलाला विचार करायला वेळ दिला नाही. पलीकडे पोचल्यावर सगळे विचारायला लागले, हे कुठे शिकलीस. कोळी काकांना जर्मनमध्ये काय म्हणायचं, ते मला सुचेना.

त्या ट्रिपच्या गाळावर मी तिथलं प्रोजेक्ट केलं. मार्चअखेर परत आले आणि पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत ठाणे खाडीचे नमुने पुन्हा काढले, या वेळी पत्रातली शेवटची ओळ बदलून घेऊन. चौदातल्या दोन जागा तोवर पत्र्याच्या कुंपणाआड गेल्या होत्या, म्हणून बारा. नमुने पवईला दिले, डिझर्टेशन मुदतवाढ मागून जमा केलं.

एक राहिलं. नष्ट करायच्या फॉर्मवर पिशव्यांची संख्या पंधरा होती. सही करताना माझ्या ते लक्षात आलं नाही. महिनाभरानं एका रविवारी थालीपीठ करावं म्हणून कपाट उघडलं, तेव्हा आलं. आईला अजून सांगितलेलं नाही.