मनात आलं आणि राहून गेलं? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑफिसला निघालो तेव्हा शेजारच्या काकूंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. साडेनऊ वाजून गेले होते. बेल वाजवावी, असं मनात अगदी स्पष्ट आलं. पण बस चुकेल म्हणून जिना उतरलो. संध्याकाळी आलो तर पिशवी तिथेच, फुगून टम्म. काकू सकाळी न्हाणीघरात पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं, दिवसभर ओल्या फरशीवर होत्या. पुढे बऱ्या झाल्या, मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण आतून आलेली हाक आपण नेमकी कुठे घालवतो, हे तेव्हापासून मी बारकाईने बघतो.

पहिली चूक 'पण'ची. हाक साधी असते: बेल वाजव, फोन कर, माफी माग. 'पण' मागून येतो आणि तो आपला असतो. दोन मिनिटांचं काम असेल तर 'पण' पोचायच्या आत करून टाका.

दुसरी चूक भाविक माणसाकडून जास्त होते: साधनेच्या आड लपणं. 'हरिपाठ होऊ दे, मग बघतो.' पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला निघाली होती. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. शेकडो कोस खांद्यावर वाहिलेलं व्रत होतं ते! तरी रामेश्वराहून परत येताना बघू, असं ते म्हणाले नाहीत.

तिसरी चूक उलट बाजूची, आणि मला ती जास्त काळजीची वाटते: मनात येईल ते देवाचंच समजणं. चिंता गोल गोल फिरते, छातीत धडधडते, आणि तिच्या मध्यभागी बहुतेक वेळा 'मी'च असतो. प्रेरणा शांत असते. एक काम सांगते, ते झालं की गप्प बसते. 'आत्ताच सुनावून टाक' हीसुद्धा घाईच, पण ती रागाची. आणि औषध बंद कर, घर सोड, मोठी रक्कम देऊन टाक, असं काही मनात आलं तर अजिबात घाई करू नका. चार दिवस थांबा, जाणत्या माणसाशी बोला. तत्परता लहान, निरुपद्रवी चांगल्या कामांसाठी आहे.

केल्यावर गावभर सांगणं टाळा, एवढं पुरे.

शेवटची चूक म्हणजे एकदा हुकलं की 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देणं. मीही त्या दिवसानंतर महिनाभर काकूंची नजर चुकवत होतो. मग एका सकाळी पिशवी दिसली, बेल वाजवली. काकूंनी डाव्या हाताने दार उघडलं आणि म्हणाल्या, "आलास? थांब, चहा टाकते." त्या दिवशी बस चुकली.