रानातून आणलेली झाडं कपाटात जाईपर्यंत

पावसाळ्यात सह्याद्रीत हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवून कागदावर बसवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी, नमुने गोळा करायला निघण्याआधी वनखात्याची परवानगी हाती असू द्या, आणि झाडं दाबायच्या प्रेसपेक्षा वहीची काळजी जास्त घ्या. तेरड्याचा गुलाबी रंग वाळल्यावर टिकत नाही, वास तर मुळीच नाही. म्हणून फुलाचा रंग, झाडाची उंची, चीक निघतो का, खाली कातळ आहे की माती, हे तिथेच उभ्याउभ्या लिहायचं. ठिकाण म्हणून नुसतं 'महाबळेश्वर' पुरत नाही. गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याने नमुन्याला दिलेला क्रमांक हवाच. हे नसेल तर कितीही सुबक दाबलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ झाड दिसलं तर कंदाला हात लावू नका. फोटो आणि फार तर एखादं फूल घ्या.

दाबताना एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे पाठ दिसेल. दमट हवेत टीपकागद सुरुवातीला रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरलीच. मांसल झाडं आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढावीत. वाळलेला नमुना साधारण २८ × ४२ सेंमीच्या आम्लरहित जाड कागदावर बसवा. जाड फांदी दोऱ्याने टाचा, सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते. लेबल उजव्या कोपऱ्यात खाली, गळलेल्या बिया छोट्या पाकिटात, त्याच शीटवर.

आता खरा शत्रू: वाळकी पानं खाणारे भुंगेरे. नवी शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत आठवडा-पंधरवडा ठेवल्याशिवाय कपाटात जाऊ देऊ नये. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर दव धरेल.

जुन्या शीटना हात लावायच्या आधी हातमोजे घाला आणि खिडक्या उघडा. पूर्वी किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड सर्रास वापरत, आणि तो पारा अजूनही कागदात आहे. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगायलाच हवं. कित्येक ठिकाणी सांगत नाहीत, याचं वाईट वाटतं.

कपाट लोखंडी, घट्ट दाराचं. खोली थंड, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. ज्या नमुन्यावरून नवी जात वर्णिली, तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि प्रत्येक नमुन्याची जोडप्रत पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमकडे द्यायची असेल, तर ती फांदी रानातच वेगळी काढून तिला तोच क्रमांक द्या.