जखमेभोवतीची चौकोनी खाज

‘खाज सुटली म्हणजे जखम भरतेय’ हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे नडगीवरचे पाच टाके आठव्या दिवशी खाजायला लागले तेव्हा मी खूशच होते. रात्री झोपेत पट्टीवरून खाजवलंसुद्धा. सकाळी पट्टी काढली तर जखम छान कोरडी. भोवती मात्र बारीक लाल पुरळ, आणि त्या पुरळाला चक्क चार कोपरे!

भरणारी जखम खाजते हे खरंच, पण ती चौकोनी खाजत नाही. तो छाप चिकटपट्टीचा होता.

म्हणून आधी पुरळाचा आकार बघा. चिकटपट्टी लागते तेवढ्याच जागी असेल तर गोंद सोसत नाहीये. मलम पसरलं तिथवर असेल तर संशय मलमावर. निओमायसिन हे प्रतिजैविक असलेली मलमं यात फार बदनाम आहेत. अशी ॲलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी उठते आणि आधी नीट सोसलेली वस्तूही पुढे उलटू शकते, त्यामुळे ‘हे तर मी नेहमीच लावते’ हा पुरावा धरू नका. अँटिसेप्टिक पाण्यात न मिसळता चोळणं हाही एक उद्योग. त्याने कातडी नुसती भाजते.

कारण ओळखलं की ते बंद करा, निम्मं काम तिथेच होतं. चिकटपट्टी ओढून काढू नका. कोमट पाण्याने भिजवा, कातडी एका हाताने दाबून धरा आणि केसांच्या दिशेने हळू सोलत या. मग साधं पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं. जखमेवर गॉज ठेवून वरून गुंडाळायची पट्टी बांधा, म्हणजे गोंदच नको. टाके असतील तर हा बदल ड्रेसिंग करणाऱ्यांना विचारून करा. मी फोनवर विचारलं.

खाजेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, जखम न भिजवता. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइड मलमाचा पातळ थर दिवसातून दोनदा, फक्त अखंड कातडीवर. उघड्या जखमेवर नाही, कारण स्टिरॉइडने जखम भरायला उशीर होतो. घरात पडलेली ‘सगळ्यावर चालणारी’ मिश्र मलमं तर नकोच. बुरशी असेल तर ती त्यातल्या स्टिरॉइडखाली लपून पसरते. आणि नखं कापा. मी ती आधी कापायला हवी होती.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर सरकली, खाजेची जागा ठणक्याने घेतली, भाग गरम लागला, पू किंवा ताप आला, तर हा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहरा सुजला किंवा श्वास अडकला तर थेट तातडीच्या विभागात.

माझी खाज तीन दिवसांत बसली, पुरळ जायला आठवडा लागला. आठवड्यात उतार नसता तर मीही दाखवायला गेले असते. आता माझ्या औषधांच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहिलंय: चिकटपट्टी सोसत नाही.