नंबर प्लेट लॉक होण्याआधी तिच्यामागे काय आहे ते बघा

१ एप्रिल २०१९ नंतर नोंदवलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच येते. गाडी त्याआधीची असेल तर ती बसवून घ्यायचं काम तुमच्या गळ्यात. स्वतःची, दोन्ही साळ्यांची आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची प्लेट मी शेजारी उभं राहून बसवून घेतली आहे. आता कुणी ‘त्यात काय, दोन स्क्रू तर आहेत’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करायचा. गाडी नागपूरकडची एमएच-३१ असो, ४९ असो की ४०, पद्धत तीच. चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक आणि आरसीला जोडलेला मोबाइल हाताशी असू द्या. तो मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला असेल तर आधी तो बदला. ओटीपी त्यावरच येतो. कारचे ७४५ रुपये अधिक जीएसटी ऑनलाइनच भरायचे. प्लेट गाडीला अडकवणाऱ्या स्नॅप लॉकचे पैसे त्यातच आले. प्लेट बसवायच्या सेंटरवर ‘लॉकचे वेगळे’ म्हटलं तर पावती दाखवायची आणि शांत उभं राहायचं. सकाळची पहिली वेळ घ्या, मे महिन्यात तर नक्कीच. दुपारी दोन वाजता तापलेल्या डिकीला हात लाववत नाही, तिथे कोण नीट काम करणार?

चौकातल्या दुकानातून ‘तशीच दिसणारी’ प्लेट बनवून घेऊ नका. खऱ्या प्लेटवर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो, खाली लेसरने कोरलेला दहा अंकांचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक तुमच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. नकली प्लेट लांबून खपते, तपासणीत नाही. आकड्यांना वळण देऊन ४१४१ चा ‘दादा’ करायची हौसही इथेच संपली. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी वळणाचे, ठरलेल्या मापाचे.

आता मुख्य गोष्ट, बसवणं.

माझी पहिली प्लेट कशी गेली ते सांगतो. सेंटरवरच्या पोराने जुनी प्लेट काढली, बंपरची जुनी छिद्रं नव्या प्लेटशी जुळेनात, म्हणून त्याने बाजूला नवी पाडली. तीही जरा मोठीच झाली. ‘चालते भाऊ, लॉक पकडून ठेवते ना,’ म्हणत खटकन लॉक दाबले. मीही मान डोलावली. महिनाभर पुढून बारीक खडखड येत राहिली. मी समजलो, सायलेन्सरचा पत्रा वाजून राहिला. एका रविवारी वर्ध्याला जाऊन परत आलो तर पुढची प्लेट जागेवर नाही. बंपरवर दोन लॉक मात्र जसेच्या तसे, आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमच्या दोन फाटक्या कड्या. मग पोलिसात तक्रार, पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.

चूक लॉकची नव्हती. ही प्लेट जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. तिच्यामागे टेकायला काही नसलं की गाडी चालताना ती थरथरते, छिद्राची कड लॉकवर घासते, छिद्र लांबट होतं आणि एक दिवस फाटतं. स्नॅप लॉकचं काम प्लेट कुणी काढून नेऊ नये एवढंच. घट्ट धरून ठेवायचं काम मागच्या आधाराचं. हे सेंटरवर कुणी सांगत नाही, कारण त्यांना तासाला किती गाड्या काढायच्या हे ठरलेलं असतं.

म्हणून आधार आदल्या दिवशी घरीच तयार करा. गाडीला कंपनीचा प्लास्टिकचा ब्रॅकेट असेल आणि तो तडकलेला नसेल तर उत्तम. नसेल तर स्पेअर पार्टच्या दुकानातून सपाट, मागून भरीव फ्रेम आणा. कडा उंच असलेली फ्रेम नको. ती होलोग्राम किंवा लेसर क्रमांक झाकते. कारची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची आणि चौकोनी ३४० बाय २०० ची असते. तुमच्या जागेत कोणती बसते ते मोजूनच फ्रेम घ्या.

फ्रेम बंपरला स्टीलच्या स्क्रूने, मागे रबरी वायसर घालून बसवा. ड्रिलच्या बिटला टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा आणि तिथेच थांबा. पुढच्या बंपरमागे वायरी असतात, कुठे सेन्सर असतो. मागे डिकीत प्लेटच्या दिव्याची वायर असते. एका ओळखीच्याच्या गाडीचा रिव्हर्स कॅमेरा असाच गेला. पत्र्याच्या डिकीला छिद्र पाडलंच तर उघड्या कडेला प्रायमर लावा. नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ प्लेटखाली दिसतील.

बंपर बाहेरून फुगीर असतो आणि प्लेट सरळ. मधोमध टेकते, टोकं अधांतरी राहतात. मग फिटर काय करतो, प्लेटच वाकवतो! हे अजिबात होऊ देऊ नका. वाकवली की वरची चमकणारी फिल्म सुरकुतते. टोकांच्या मागे जाड रबराचे तुकडे भरून फ्रेम सपाट करायची, प्लेट नाही वाकवायची.

आणि तो डबल टेपवाला सल्ला! ‘मागून टेप मारा, हालत नाही.’ हा सल्ला देणाऱ्याने आपली गाडी नागपूरच्या उन्हात दिवसभर उभी केलेली नसावी. पारा ४५ च्या पुढे गेला की टेपचा गोंद लोण्यासारखा होतो. खडखड थांबवायला फोमची पट्टी ठीक आहे, वजन पेलायला नाही.

सेंटरवर गेलात की लॉक दाबण्याआधी ‘थांबा’ म्हणा. हा एक शब्द मी पैसे घालवून शिकलो. स्नॅप लॉक एकदाच बसतो. काढायचा तर तोडावाच लागतो. त्याआधी प्लेटवरचा नंबर आरसीशी अक्षर अक्षर ताडून पाहा. पुढची-मागची अदलाबदल झाली नाही ना, तेही बघा. प्लेट नुसती हाताने दाबून धरायला सांगा आणि तुम्ही चार पावलं मागे जा. तिरपेपणा जमिनीवरून ठरवू नका, सेंटरची फरशी कधीच सपाट नसते. बंपरच्या रेषेशी जुळवा. मग बोटाने चारही कोपऱ्यांवर टिचकी मारा. ठक आवाज आला तर आधार आहे, खळ्ळ आला तर अजून रबर भरा. फिटर वैतागेल, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवेल, ‘काऊन एवढं करून राहिले काका’ असंही म्हणेल. वैतागू द्या. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

लॉक दोन्ही बाजूंनी पूर्ण बसल्याचा खटका ऐकू यायला हवा. ‘लॉक संपले, आज स्क्रू लावतो’ याला हो म्हणू नका. परत बोलावलं तर परत जा.

काचेवरचा स्टिकर मागून घ्या. डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. समोरच्या काचेला आतून, डाव्या वरच्या कोपऱ्यात. काच कोरडी पुसून एकदाच लावायचा, उचकटला की फाटतो.

प्लेटवर अ‍ॅक्रिलिकचं कव्हर लावू नका. आत धूळ आणि ओल साचते, कॅमेऱ्याला नंबर वाचता येत नाही. पुढे लोखंडी गार्ड असेल आणि त्याची दांडी नंबरवर येत असेल तर गार्ड काढा. अंधार पडल्यावर मागचा प्लेटचा दिवा एकदा लावून पाहा. अर्ध्या जुन्या गाड्यांचा बंदच असतो.

जुन्या प्लेट भंगारात तशाच टाकू नका. पत्रा कापायच्या कात्रीने मधोमध कापा, मग द्या. आणि पंधरा दिवसांनी, गाडी धुताना, ती कोपऱ्यांवरची टिचकी पुन्हा मारा.