स्वस्त फॅमिली टेंट : या चुका टाळा

डिसेंबरात भंडारदऱ्याला आर्थर लेकच्या काठी पहाटे जाग आली तेव्हा टेंटचं छत आतून ओलं होतं आणि पांघरुणं दमट झाली होती. पावसाचा थेंब नव्हता. स्वस्तातला घेतला म्हणून गळतो, असं ठरवून आम्ही तो परत करायला निघालो होतो. पण टेंट गळत नव्हताच. थंडी वाजते म्हणून आम्ही जाळीच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या आणि चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमून ठिबकत होती. वरची जाळी कायम उघडी ठेवा. बाहेरचं कापड दोऱ्यांनी ताणून आतल्या कापडापासून सुटं राहू द्या. आणि मुक्काम पाण्याला अगदी खेटून नको, जरा उंचावर करा, तिथे दव कमी पडतं.

दुसरी चूक आम्ही कितीतरी टेंटखाली पाहिली आहे. ओल येऊ नये म्हणून ताडपत्री अंथरतात, ती टेंटच्या कडेबाहेर वीतभर राहते. छतावरून ओघळलेलं पाणी मग तिच्यावरच पडतं आणि थेट अंथरुणाखाली येतं. ताडपत्रीच्या कडा आत दुमडा.

लेबलवरचा १५०० किंवा २००० मिमी हा आकडा म्हणजे पाण्याचा किती उंच स्तंभ ते कापड पेलतं त्याचं माप. हिवाळ्यातल्या एखाद्या सरीला तेवढं पुरतं. सह्याद्रीतल्या जुलैसाठी हा टेंट नाही, हे स्पष्टच सांगतो. मेअखेरीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर जास्त सावध राहावं, कारण वळवाचा पाऊस वारा घेऊनच येतो. पाणी आधी शिरतं ते शिवणीतून. निघण्याआधी गच्चीवर टेंट उभा करून पाइपने पाणी मारा, झिरपेल तिथे सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा लेप) लावून पूर्ण वाळू द्या.

सोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या आपल्या मुरमात वाकतात, कातळात तर शिरतच नाहीत. जाड खुंट्या वेगळ्या घ्या, नाहीतर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. फायबरचा रॉड कापडाच्या नळीतून ओढू नका, ढकला. ओढला की सांधे आतच सुटतात आणि जोर केला तर रॉड चिरतो.

'चार माणसांचा' म्हणजे चौघं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं मात्र छान मावतात. गाडीतून उतरवून अर्ध्या तासात घर उभं राहतं, मुलं हरखतात, आणि वर्षातून दोन-तीन मुक्कामांसाठी महागडा टेंट घ्यायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त राजमाची किल्ल्यावर पाठीवरून न्यायला तो जड पडतो.

कितीही थंडी असली तरी कोळशाची शेगडी आत घेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

परतल्यावर टेंट ओलाच पिशवीत राहिला तर बुरशी धरते, कापडाचा पाणी अडवणारा आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो. त्याच दिवशी बाल्कनीत सावलीला पसरा. शिवणी आणि कोपरे हाताला कोरडे लागले की मगच घडी घाला.