क्रॉसबोचा नेम दोरी ओढतानाच ठरतो

पहिल्या हंगामात माझा बाण हरणीच्या मांडीत लागला. अंतर जेमतेम 30 यार्ड, वारा पडलेला. टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत ओढ्यापर्यंत गेलो, तिथे माग संपला. ती सापडली नाही. मी मूळचा साताऱ्याचा. भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे अमेरिकेतल्या ओहायोत परवाना काढून सप्टेंबरअखेरीपासून क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखं धरून ट्रिगर दाबायच्या आडव्या धनुष्याने, हरणं मारता येतात. परवाना मिळाला म्हणजे जनावराला तडफडत ठेवायचा हक्क मिळाला असं नाही. म्हणून हे लिहितोय.

चूक नेम धरायच्या दुर्बिणीची नव्हती. त्या संध्याकाळी घाईत मी नुसत्या हातांनी दोरी ओढली होती. माझा उजवा हात जास्त जोर लावतो. दोरी सूतभर जरी एका अंगाला बसली, तरी बाण दुसरीकडेच जातो. परसात हाताने ओढून सहा बाण मारले तर ते वीतभर आडवे पसरले. कॉकिंग रोपने (दोरी ताणायच्या हुकवाल्या दोराने) ओढून मारले, तेव्हा मुठीएवढ्या जागेत आले.

तेव्हा आधी हे करा. दोरी सैल असताना, ती रेलला (बाण बसतो त्या पट्टीला) जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना दोरीवरच मार्करने बारीक रेघ मारा. पाय क्रॉसबोच्या पुढच्या रकाबात घट्ट रोवा, रोपचे हुक रेलला चिकटवा, पाठ ताठ ठेवा आणि दोन्ही मुठी एकदमच वर आणा. रोपमुळे जोर निम्माच लागतो. खट्ट आवाज आला की रेघा बघा. दोन्हीकडे सारख्या दिसल्या तरच बाण ठेवायचा.

बाणाचं वेगळ्या रंगाचं पीस खालच्या खाचेत बसवा आणि मागचं टोक दोरीला पूर्ण टेकलंय का ते बोटाने चाचपून पाहा. मध्ये फट राहिली तर दोरी बाणावरून सुटू शकते आणि धनुष्याच्या पात्या तडकतात. नॉक, म्हणजे बाणाचं हे मागचं टोक, कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचा हवा. बाणाचं वजनही कंपनीच्या मर्यादेखाली नको. मी 400 ग्रेनच्या (सुमारे 26 ग्रॅम) वरचेच बाण वापरतो. प्रत्येकावर आकडा घालून ठेवलाय. माझा 4 नंबरचा कायम डावीकडे जायचा. टोक तळहातावर टेकवून फिरवला तर थरथरत होता. तो बाजूला काढला.

झिरो करायचं, म्हणजे दुर्बीण बाण लागतो तिथे जुळवायची, ती शिकारीच्या ब्रॉडहेडनेच (धारदार पात्यांच्या टोकाने), कारण सरावाचं टोक आणि ब्रॉडहेड एकाच ठिकाणी लागतील याची खात्री नसते. 20 यार्डांवर तीन वेगवेगळ्या ठिपक्यांवर तीन बाण मारा. एकाच ठिपक्यावर मारलेत तर स्वतःचेच बाण फोडाल. दुर्बिणीचा स्क्रू फिरवायचा तो तिन्ही बाण पाहून, एका बाणावरून कधीच नाही.

क्रॉसबो कलंडू देऊ नका. सेकंदाला 350 फूट वेगाचा बाण 40 यार्डांत जवळजवळ दोन फूट खाली येतो, त्यामुळे पाच अंशांचा कलसुद्धा त्याला सुमारे 2 इंच बाजूला नेतो. मी दुर्बिणीला पाणपातळीचा छोटा बुडबुडा लावलाय. पुढचा हात मात्र कायम रेलच्या खाली. अंगठा वर आला की दोरी तो घेऊन जाईल.

सरावात 60 यार्डांवर बाण जमतात, म्हणून हरणावर तेवढ्या लांबून मारू नका. 40 यार्डांवर बाणाला साधारण 0.34 सेकंद लागतात, आवाज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पोचतो. तेवढ्यात बिचकलेलं हरीण खाली दबून उडी घ्यायला लागतं आणि नेमलेली जागा सरकते. माझी हद्द 30 यार्ड, तीही हरीण शांत चरत असेल आणि माझ्याकडे बाजू करून उभं असेल तरच.

दोरीला मेण लावा, मधल्या गुंडाळलेल्या भागाला नको. अंधार पडला की ताणलेला क्रॉसबो तसाच घरी आणू नका आणि बाण नसताना ट्रिगर तर कधीच दाबू नका. गाडीपाशी मी फोमचं टार्गेट ठेवतो. सरावाचा एक बाण त्यात मारतो, मगच क्रॉसबो पिशवीत जातो.